डोळ्यांच्या रेषेत

"मॅडम, हे मानेला लावलेलं असताना कुणाची पापी घेता येते का?"

हा प्रश्न मी विचारला. मी! भर सभागृहात, नववी-दहावीची सगळी पोरं बसलेली असताना, मुख्याध्यापक पहिल्या रांगेत असताना.

पैज तन्मयीची होती. ती म्हणाली, "इप्सिता, तुझ्यात दम असेल तर विचार. नाहीतर मधल्या सुट्टीत कोंबड्यासारखं आरवायचं." सानिया मुल्ला माझी ओढणी धरून "नको गं, नको गं" करत होती. पण तिचे डोळे म्हणत होते, विचारच.

सभागृह फुटलं. मागची मुलं बाकं बडवायला लागली. 'सरळ' कंपनीच्या डॉक्टर मॅडम व्यासपीठावर शांत उभ्या होत्या. हसू दाबत त्यांनी विचारलं, "कुणाची?"

आता दुप्पट हशा. माझे कान तापले, पण मी खाली बसले नाही. वर्षभरापूर्वीची मी असते तर बाकाखाली शिरले असते.

"बाळाची, मॅडम! माझ्या ताईला बाळ झालंय. बुटुक. ती ताईच्या मांडीवर असली की मला वाकून तिची पापी घ्यायची असते. पण मान खाली जायला लागली की सरळ तिला वर ओढते. मग मी नमस्काराला आलेल्या पुढाऱ्यासारखी कमरेतून वाकते आणि माझं नाक तिच्या पोटावर आपटतं."

यावर मुख्याध्यापकसुद्धा हसले. मॅडम मात्र गंभीर झाल्या. "फार चांगला प्रश्न आहे. बाळासाठी वाकायचंच नाही. बाळाला उचलून आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणायचं. लक्षात ठेवा मुलांनो, मान जगाकडे न्यायची नाही, जग मानेकडे आणायचं."

टाळ्या. मीही वाजवल्या. मधल्या सुट्टीत तन्मयीला आरवायला लावलं. बऱ्यापैकी आरवते ती.

ज्यांच्या गावात अजून सरळ पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपलं डोकं एखाद्या मोठ्या कलिंगडाएवढं जड असतं. ते मणक्याच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे बरोबर वर ठेवलं तर मानेला पत्ताही लागत नाही. पुढे झुकवलं की गणित बदलतं. पाण्याची भरलेली बादली अंगाशी धरून बघा, आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा निखळायला येतो. फोनवर व्हिडिओ बघताना मान म्हणजे तो लांब केलेला हात. तेही तास न् तास.

त्यावर आले गॉगल. आमची पाचवीपासूनची अर्धी शाळा गॉगलमध्ये झाली. मोहेंजोदडोच्या रस्त्यावर चालायचं, हृदयाच्या आत शिरून झडपा बघायच्या, सगळं भारी. पण गॉगलचं वजन कपाळाच्या पुढे, म्हणजे बादलीत आणखी एक दगड. घशाच्या मागे खोलवर काही बारीक स्नायू असतात, ते डोकं आतून सावरून धरतात. ते काम नसल्यामुळे ढिले पडले. मानेच्या मागचे स्नायू दिवसभर ताणून सुतळीसारखे कडक झाले. हनुवटी पुढे, खांदे गोल, मानेच्या मुळाशी उंचवटा. डॉक्टरांकडे याला लांबलचक नाव आहे. लोकांनी सुटसुटीत ठेवलं, कासवमान.

आमच्या वर्गात बहुतेकांना ती होती. पण मी उंच, त्यामुळे माझी उठून दिसायची. सगळा वर्ग कासव आणि नाव मात्र एकटीला, "ए कासव!" मग मी आणखी आत आत जायची. उत्तर येत असूनही हात वर करायची नाही.

मोठ्यांना सरळ आधीच मिळाली होती, मग ती आम्हा शाळेतल्या पोरांसाठीही आली. मानेच्या मागे चिकटवायची कातडीच्या रंगाची पट्टी, तिच्या दोन बारीक शेपट्या कानांखालून पुढे येतात. डोकं झुकायला लागलं की पट्टीला कळतं आणि ती त्या खोलवरच्या स्नायूंना विजेची अगदी हलकी टिचकी मारते. स्नायू आवळतात, डोकं जागेवर. आपल्याला कळायच्या आत. काही महिन्यांत मान शिकते आणि टिचक्या कमी होत जातात, असं कंपनी सांगते. सोळाव्या वर्षानंतर पाहिजे तर कायमची बसवून घ्यायची, तांदळाएवढी, कातडीखाली. मग पट्टीची कटकट नाही.

मला सरळ लागली आणि मला शोध लागला की मी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी आहे! समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागले. वक्तृत्वात बक्षीस आलं. संमेलनाचं सूत्रसंचालन जंगम सरांनी मला दिलं. आरशासमोर उभी राहून मी स्वतःलाच म्हणायची, "काय बाई रुबाब!"

आमच्या अख्ख्या कराडनं जग मानेकडे आणलं होतं. ओटे उंच झाले. ताटं स्टँडवर आली. देवघरातले देव भिंतीवर डोळ्यांसमोर गेले. रांगोळी अंगणातून दारावर चढली. पाया पडायचं म्हणजे गुडघ्यात वाकून लिफ्टसारखं खाली जायचं आणि तसंच वर यायचं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मलाही वाटत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन ताईच्या खोलीत डोकावेपर्यंत.

ताई म्हणजे धनश्री, माझ्याहून खूप मोठी. बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं लग्नाआधीच कायमची बसवून घेतलीय, कारण तिचं काम दिवसभर गॉगलमध्ये. ती खुर्चीत बसून बुटुकला पाजत होती आणि समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर आरसा टांगलेला होता. ती आरशात बघत होती.

"ताई, आत्ता कुठं जायचंय नटून?"

"नटून कुठली?" ती आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली. "ही दूध पिताना कशी दिसते ते बघतेय. खाली बघता येत नाही ना मला. हिच्या डाव्या गालाला खळी आहे, बघितलीस?"

मी बघितली. बुटुकच्या उजव्या गालाला खळी होती.

मी सांगितलं नाही. ताईनं स्वतःच जरा वेळानं जीभ चावली. "अगं, आरसा. उजव्या, नाही का? पाजताना मी हिला कायम उलटीच बघते." आणि ती हसली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

दोन दिवसांनी बुटुकची तपासणी होती. आई, ताई आणि मी गेलो. बाळांच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी बुटुकला उताणं ठेवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि हळूहळू तिला उठवून बसवायला लागल्या. खांदे वर आले. डोकं मात्र मागे लोंबत राहिलं, देठ मोडलेल्या फुलासारखं. त्यांनी पटकन तळहात लावला.

"तिसरा महिना उलटून गेला हिला," त्या म्हणाल्या. "अजून मान धरली नाही."

आईनं ताईचा हात धरला.

"घाबरू नका. नसा उत्तम, स्नायूंत दोष नाही. मला सांगा, दिवसभर ही असते कुठं?"

आई जरा अभिमानानंच सांगायला लागली. "आम्ही तिला खाली ठेवतच नाही हो. उभा पाळणा आणलाय, मानेला गादी असलेला. समोर पडदा, त्यावर पक्ष्यांचे व्हिडिओ लागतात. अंघोळीला उंच टब. कडेवर घेतलं तर डोळ्यांसमोर. एकदम लाडात."

"तेच," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ मान उचलतं ते बघायला. आवाज कुठून आला, आई कुठं गेली, त्यासाठी पोटावर पडल्या पडल्या धडपडतं. तुमच्या बाळाला सगळं नाकासमोर आणून मिळतं. मान उचलायची हिला गरजच पडली नाही कधी."

आईचा चेहरा एवढासा झाला. आम्ही बुटुकवर केलेलं सगळं प्रेम टेबलावर मांडून कुणीतरी उलटं करून दाखवलं होतं.

"आता दोन मार्ग आहेत. लहान बाळांची सरळ निघालीय. लावली की आठवड्यात मान ताठ. पण एवढ्या लहानपणी लावली तर मेंदू स्वतःची वाट शोधत नाही. मग तिला ती जन्मभर लागणार. दुसरा मार्ग म्हणजे पोटावर घाला, खाली घ्या, हातानं चोळा, हाताळा, तिच्याशी बोला. पुढच्या तपासणीपर्यंत मी थांबते. तोवर फरक पडला नाही तर मग लावू." त्यांनी बुटुकला ताईच्या हातात दिलं. "पण त्यासाठी घरात कुणीतरी खाली बघणारं लागेल."

त्यांची नजर आईच्या मानेवर गेली, ताईच्या, मग माझ्या. आम्ही तिघी एकदम ताठ बसलो होतो. कवायतीला बसल्यासारख्या.

घरी येऊन ताई आरशासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "माझ्यासारखं नको व्हायला हिचं. एवढं एक झालं ना, बास."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. आधी जेवणाच्या टेबलावर गोधडी घालून बुटुकला पालथं ठेवलं, म्हणजे कुणाला वाकायला नको. तिनं नाक गोधडीत खुपसलं आणि असा टाहो फोडला की शेजारच्या काकू आल्या. मी म्हटलं, थांबा, मी करते. सतरंजीवर तिला पालथं घातलं आणि तिच्यासमोर मीही पालथी पडले, तोंडाला तोंड. "बुटुक, बघ मावशी!" म्हणून मान वर करायला गेले, तर सरळला वाटलं मान वाकडी झाली. तिनं माझं तोंड पाठीच्या रेषेत आणलं. म्हणजे थेट सतरंजीत. मावशी आणि भाची दोघी नाकं खुपसून पडलेल्या. पप्पा दारात उभे राहून इतके हसले की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला.

पप्पांचं सांगते. पप्पा ऊस तोडतात. म्हणजे घरात खुर्चीत बसून, गॉगल लावून, दूर शेतातलं तोडणी यंत्र चालवतात. हंगामात रात्रंदिवस. सरळ यायच्या आधी त्यांची मानेतली नस दबली होती आणि उजव्या हाताला कायम मुंग्या. कप हातातून सुटायचा. आता तो हात पुन्हा स्थिर झालाय. त्यामुळे घरात सरळबद्दल कुणी वाईट बोललं तर पप्पा चिडतात. मीही बोलत नाही. त्यांचा हात मी बघितलाय.

आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पायावर घालायला पाहिजे."

"म्हणजे?"

"पायावर घालून न्हाऊ घालायचं गं. न्हाणीघरात बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर घ्यायचं. आधी उताणं, मग पालथं. तेल लावायचं, चोळायचं, ऊन पाणी घालायचं. तुला मी तसंच न्हाऊ घातलंय, धनूलाही. पालथं घातलं की तू मान वर काढून कोकलायचीस. टाचा जरा उंचावर ठेवल्या की बाळाला चढ मिळतो, डोकं उचलायला सोपं पडतं." तिनं साडीचा पदर खोचला. "मीच घालते."

"आई, तुझी सरळ?"

"काढते."

न्हाणीघरात आई खाली बसली. एक पाट बुडाखाली, एक टाचांखाली. बुटुक ताईच्या कडेवर, मी गरम पाण्याची बादली घेऊन. आईनं मानेमागे हात नेला आणि टिकली काढावी तशी पट्टी काढली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. अंघोळीलाही ती काढत नाही, पाण्यात चालते ती.

एक क्षण काही झालं नाही. मग आईनं पायांकडे बघायला मान खाली घातली आणि ती जातच राहिली. हनुवटी छातीवर टेकली. वर काढायला गेली तर डोकं एका बाजूला कललं, हात भिंत शोधायला लागले. "इप्सू, फिरतंय गं सगळं."

मी बादली बाजूला ठेवली आणि तिचं डोकं धरलं.

कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे स्नायू असतात. त्यांचं मोठं काम वजन उचलण्याचं नाहीच, खबर देण्याचं आहे. डोकं आत्ता कुठं आहे, कुठल्या बाजूला कललंय, हे ते क्षणाक्षणाला मेंदूला कळवत असतात. त्यावर डोळे आणि तोल चालतो. इतकी वर्षं आईच्या डोक्याची जागा पट्टी ठरवत होती. आता अचानक त्यांना विचारलं तर ते काय सांगणार? हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की माझ्या आईचं डोकं माझ्या दोन तळव्यांत आहे आणि ते खूप जड आहे. बुटुकला पहिल्यांदा घेतलं तेव्हा आईनंच मला शिकवलं होतं, एक हात मानेखाली घाल. मी एक हात तिच्या मानेखाली घातला.

तिचे केस पांढरे झालेत मागून. मला माहीत नव्हतं.

"लाव परत," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मी पट्टी लावली. डोकं जागेवर आलं. ताई दारात बुटुकला घेऊन उभी होती, ताठ, आणि तिला रडताना मान खाली घालता येत नव्हती म्हणून तिचं सगळं तोंड दिसत होतं.

घरात सरळ लागून सगळ्यात कमी दिवस झालेली मीच होते. मी पट्टी काढली.

खोटं नाही सांगत, पहिले दिवस भयंकर होते. शाळेच्या गाडीत हनुवटीला हाताचा टेकू लावून बसायची. दुपारपर्यंत मानेत कुणीतरी स्क्रू पिळतंय असं व्हायचं. मुजावर मॅडमनी व्यायाम दिला. उताणं पडायचं आणि दुसरी हनुवटी दिसेल इतकी पहिली घशाकडे ओढून धरायची. ताई हसायची, "अगदी शेठाणी दिसतेस!" गॉगलचे तास मी कमी करून घेतले. इतिहास पुस्तकातून वाचायला लागले, पुस्तक उभं धरून.

वर्गात तन्मयीनं पहिल्याच दिवशी ओळखलं. "अय्या, कासव परत आलं!"

"आलं," मी म्हटलं. बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी मोठ्यांदा म्हटलं होतं.

सानियानं न विचारता माझं दप्तर उचललं. पण जंगम सरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. सर वाईट नाहीत. ते म्हणाले, "इप्सिता, संमेलनाला कलेक्टर मॅडम येणार आहेत. सूत्रसंचालक म्हणजे शाळेचा चेहरा. सरळ लावून उभी राहणार असशील तर तूच. नाहीतर तन्मयीला देतो. विचार करून सांग."

मी मान हलवली. दुखली.

आणि रोज सकाळी न्हाणीघर. आई शेजारी उभी राहून सांगायची, मी करायची. "गुडघे जोड. पायांत फट नको. तेल आधी टाळूवर. अगं, पाणी कोपरानं बघ, हातानं काय बघतीस!" बुटुक पायांवर उताणी असली की माझ्याकडे टकामका बघायची. मी खाली बघायची, ती वर. इतक्या जवळून, इतका वेळ मी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं. तिच्या एका भुवईत भोवरा आहे. तेल लावताना ती ओठांचा चंबू करते. ती मला बघून हसायची तेव्हा माझी मान दुखायची थांबायची असं म्हणणार होते, पण थांबायची नाही. दुखत असायची आणि मी बघत असायची.

पालथं घातलं की मात्र गाल माझ्या पायाला चिकटवून गप्प पडायची. एक हात तिच्या छातीखाली, तोंडाकडे पाणी जात नाही ना यावर माझी नजर. आई म्हणायची, "उचल गं सोन्या." बुटुक जांभई द्यायची.

असे कितीतरी दिवस गेले. तपासणी जवळ आली. ताईनं विचारायचं सोडून दिलं.

मग मला सुचलं. म्हणजे सुचायला काही नव्हतंच, समोरच होतं. पालथ्या बुटुकचं तोंड माझ्या पावलांकडे असायचं. तिला मी दिसत नव्हते, आईही नाही. समोर दिसायची नुसती न्हाणीघराची भिंत. भिंत बघायला कोण मान उचलेल? मी तर नाही उचलणार.

"ताई, इकडे ये. माझ्या पायांपुढे खाली बस."

"मला दिसणार नाही गं ती. मान..."

"मान नको वाकवूस. अख्खी खाली ये. भिंतीला टेक आणि घसरत ये. अजून. अजून! पार आडवी झालीस तरी चालेल."

ताई घसरत घसरत ओल्या फरशीवर आली. भिंतीला डोकं, पाय बाजूला दुमडलेले, गाऊन भिजलेला. तिची नजर आणि बुटुकची टाळू समोरासमोर आली. मी तांब्यानं बुटुकच्या पाठीवर ऊन पाणी सोडलं.

"बोल ना तिच्याशी," आई म्हणाली.

ताई काय बोलणार! मग ती हळूच म्हणाली, "काय गं बुटके? मी कोण?"

माझ्या पायांवर काहीतरी हललं. बुटुकच्या मानेमागच्या दोन बारीक दोऱ्या ताठ झाल्या. मला त्या वरून दिसत होत्या, कातडीखाली थरथरणाऱ्या. गाल सुटला. डोकं उचललं गेलं, डगमगलं, पुन्हा टेकलं. ताई आणखी खाली सरकली.

"मी कोण, सांग की."

पुन्हा. या वेळी वर, आणखी वर, भरलेला हंडा सांभाळत चालल्यासारखं डोलत, पण वर. मी हात लावला नाही. नुसता खाली धरून ठेवला.

"उजव्या," ताई म्हणाली. "उजव्याच गालाला आहे गं, इप्सू! उजव्याच!"

आणि ती ओल्या फरशीवर पडून हसायला आणि रडायला लागली. बुटुक दमून माझ्या पायावर धपकन पडली. आई बाहेर पळत जाऊन ओरडली, "अहो, ऐकलंत का? मान धरली!" पप्पा गॉगल कपाळावर चढवून आले. तिकडे शेतात यंत्र मध्येच उभं राहिलं असणार.

पुढच्या तपासणीला मुजावर मॅडमनी बुटुकचे हात धरून तिला उठवलं तेव्हा डोकं खांद्यांबरोबर आलं. थोडं मागे रेंगाळलं, पण आलं. "हिला काही लावायची गरज नाही," त्या म्हणाल्या. ताईनं त्यांना पेढा भरवला. स्वतःसाठीही विचारलं. आत बसवलेली सरळ मंद करता येते, पण ते हळूहळू करावं लागेल, वर्ष-दीड वर्ष, आणि पूर्ण सुटेल असं नाही. ताई म्हणाली, "जेवढी सुटेल तेवढी."

घरी सगळ्यांनी धरलं की आता इप्सूचं काम झालं. माझा सोळावा वाढदिवस येत होता. आईनं माझी कायमची सरळ बसवायची वेळ आधीच घेऊन ठेवली होती, येत्या सोमवारची.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. ताटं स्टँडवर. ताई आत बुटुकला झोपवत होती.

"सोमवारी मी सुट्टी घेतो," पप्पा म्हणाले. "मीच नेतो तुला. दुखत नाही काही, मुंगी चावल्यासारखं होतं."

"आणि तोवर पट्टी लाव बाई," आई म्हणाली. "बघवत नाही तुझ्याकडं. परत खांदे पडायला लागलेत."

पडायला लागले होतेच. आरसा मीही बघते. रुबाब बराच गेला होता. वर्षभरात झालेली उंची पुन्हा कुठंतरी आत गेली होती आणि ती व्यायामानं बाहेर यायला किती दिवस लागतील, कुणालाच सांगता येत नव्हतं. मुजावर मॅडम म्हणाल्या होत्या, येईल, पण चिकाटी पाहिजे.

मी घास ठेवला.

"आई, पप्पा, मी काहीतरी ठरवलंय."

पप्पांनी फक्त डोळे वळवले.

"सोमवारी मी येणार नाही. कायमची बसवणार नाही."

"वेडी आहेस का?" पप्पांचा आवाज चढला. "हे बघ." त्यांनी उजवा हात पुढे केला. "हा हात कुणी परत दिला मला? तुझ्या वयात मीही असाच बघत बसायचो फोनमध्ये. माझ्यासारखं भोगायचंय तुला?"

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्हाला ती पाहिजेच, पप्पा. तुमची काढायला मी कधीच सांगणार नाही. पण माझी नस दबलेली नाही. माझी मान फक्त आळशी आहे. तिला कामाला लावता येतं, मी करून बघितलंय. गॉगल कमी घालीन, व्यायाम करीन, तुम्ही रोज विचारा, रोज ओरडा."

"आणि दुखलं तर?" आईनं विचारलं.

"दुखलं तर तुझ्याकडे येईन. तू तेल लाव."

आईनं हात लांब करून माझ्या मानेवरून फिरवला.

"लोक नावं ठेवतील," पप्पा म्हणाले, पण आता आवाज खाली आला होता. "उद्याच संमेलन आहे ना तुझं? सगळ्यांसमोर अशी उभी राहणार? सर काय म्हणतील?"

"ते दुसरं ठरवलंय," मी म्हटलं. "आज सरांना सांगून आलेय, शेवटी तयार झाले ते. सूत्रसंचालन मीच करणार, पट्टीशिवाय. आधी म्हणाले, मान पुढे आली तर? मी म्हटलं, येऊ दे सर, माईक थोडा पुढे सरकवून ठेवा."